विणकामाच्या कपाटातली पुस्तकं

शशिकलाबाईंच्या षष्ट्यब्दीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी मी लेख लिहावा, असा निरोप आला तेव्हा मी आधी नाहीच म्हणणार होतो. बाईंबद्दल लिहिण्यासारखं नाही म्हणून नव्हे. त्यांच्या हाताखाली मी दौंडच्या आमच्या वाचनालयात अकरा वर्षं काढली, आज त्यांच्याच खुर्चीवर बसतो. लिहायला पुष्कळ आहे. पण त्यातली एक गोष्ट मी बाईंना आजवर सांगितलेली नाही, आणि ती गाळून गौरव लिहायला हात धजत नाही. ती वाचल्यावर बाईंनी मला दारात उभं केलं नाही, तरी माझी तक्रार राहणार नाही. वाचकांनी एवढं लक्षात ठेवून पुढं वाचावं.

बाईंना मी पहिल्यांदा पाहिलं ते जमिनीवर बसलेल्या. नव्वदीचं दशक नुकतं कुठं मध्यावर येत होतं. सहायकाची जागा भरायची होती, म्हणून मी इस्त्रीचा शर्ट घालून मुलाखतीला गेलो, तर ग्रंथपालबाई सतरंजीवर, पुढ्यात फोडलेला खोका, आणि भोवती मुलांच्या नव्याकोऱ्या पुस्तकांचा पसारा. "बसा," म्हणाल्या. कुठं बसू ते कळेना, मीही सतरंजीवर बसलो. त्यांनी एक पातळसं पुस्तक माझ्या हातात दिलं आणि स्वतः पुन्हा खोक्यात डोकं घातलं. मी वाचलं. अर्ध्या तासानं त्यांनी विचारलं, "कुठं कंटाळा आला?"

"छे, फार छान आहे," मी म्हणालो.

"म्हणजे तुम्ही सगळं वाचलं नाहीत."

मी मधली आठ-दहा पानं गाळली होती, हे खरं होतं. नोकरी गेली असं समजून मी घरी आलो. चार दिवसांनी नेमणुकीचं पत्र आलं. माझी निवड कशावरून केली, हे मी त्यांना दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्यांनी चहा मागवला.

बाईंची पुस्तकं घेण्याची रीत सांगायला हवी. पुण्याचे विक्रेते पसंतीसाठी खोका पाठवायचे. पंधरा दिवसांत हवी ती ठेवायची, बाकीची परत. दुसऱ्या वाचनालयांत हे काम समितीची माणसं यादी बघून करत. आमच्याकडं मुलं करायची. शिक्का न मारलेलं कोरं पुस्तक बाई सरळ पोरांच्या हाती द्यायच्या आणि परत आणलं की एकच गोष्ट विचारायच्या, कुठं कंटाळा आला. "कुठंच न्हाई, बाई," असं कुणी पटकन म्हणालं की त्या पुस्तक बाजूला ठेवायच्या. "हितनं म्होरं वाचवंना," असं बोट ठेवून सांगणाऱ्या मुलावर त्यांचा विश्वास. आणि पंधरा दिवस परत न आणता दडवून ठेवलेलं पुस्तक तर हमखास घेतलं जायचं. मी वहीत ओढ्यावरच्या वाळूत पडलेली, कालवणाचे डाग पडलेली पुस्तकं दाखल करत बसायचो आणि मनात म्हणायचो, ही कसली रीत.

मुलांसाठी कपाट मोजून एक. त्यामुळं त्यातल्या जागेबद्दल बाई फार कडक होत्या. गावातल्या एका बड्या गृहस्थांनी वडिलांच्या स्मरणार्थ सद्गुणांच्या गोष्टींचा जाडजूड संच भेट दिला, सोनेरी अक्षरांचा. फोटो निघाले, हार झाले. बाईंनी तो संच महिनाभर मुलांपुढं ठेवला. एकही प्रत कुणी घरी नेली नाही. महिन्यानं बाई स्वतः रिक्षात संच घालून त्या गृहस्थांच्या घरी पोचवून आल्या. समितीत गदारोळ झाला. मलाही ते डोक्यावरून गेलं होतं. दिलेली भेट कुणी परत करतं का? "पोरांच्या वाटणीची जागा अडते," एवढंच त्यांचं उत्तर. गृहस्थ पुढं दोन वर्षं बाईंना ओळख देत नव्हते. बाई मात्र रस्त्यात भेटले की थांबून त्यांच्या गुडघ्याची चौकशी करायच्या.

माया करण्याची त्यांची तऱ्हाही अशीच. मला टायफॉइड झाला तेव्हा बघायला येणारे मोसंबी आणत होते. बाईंनी नव्या खोक्यातली तीन बालपुस्तकं आणली. "रोज एक. संध्याकाळी विचारणार आहे," म्हणाल्या, आणि खरंच रोज येऊन विचारत राहिल्या. माझी बायको दाराआडून हसायची. तापात मी पानं गाळली नाहीत, हे इथं नोंदवतो.

आता त्या कपाटाकडं येतो.

त्या वर्षांत एक नवा प्रकार खोक्यात दिसायला लागला होता. बारा ते सोळा वयाच्या मुलामुलींची पुस्तकं. राजाराणी नाही, परी नाही. आईबाप वेगळे झालेला मुलगा, शाळा सुटल्यावर विहिरीत पोहायला शिकणारी मुलगी, असली. मराठीत ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी यायची आणि आली की बाईंचा चेहरा खुलायचा. मी त्यांना क्रमांक घालून, पाठीवर चिठ्ठी चिकटवून, रीतसर बाल विभागात लावायचो. आठ दिवसांनी बघावं तर ती तिथं नसायची. ती असायची खिडकीजवळच्या कोपऱ्यातल्या कपाटात, विणकाम, भरतकाम आणि पाककृतींच्या पुस्तकांमध्ये. मी उचलून जागेवर ठेवायचो. पुन्हा तेच. झाडलोट करणाऱ्या मामींवर संशय घेतला, त्या चिडल्या. पोरांवर घेतला. शेवटी माझ्या स्वतःच्या डोक्यावर घेतला. बाईंना सांगितलं तर त्या "असं होय?" म्हणाल्या आणि कामाला लागल्या. वर्षभर हा खेळ चालला आणि मी हात टेकले.

त्या कोपऱ्यात सगळ्यात जास्त उभी राहणारी मुलगी म्हणजे सुनंदा. आठवी-नववीत असेल. घर मूळचं राहू गावचं. आजोबांपर्यंत मेंढरं होती, मग शेती, आणि वडील लक्ष्मणराव कुरकुंभच्या कारखान्यात लागल्यावर कुटुंब दौंडला आलं. लक्ष्मणरावांची पहिली पाळी सुटली की ते कंपनीच्या बसनं उतरून वाचनालयात पेपर वाचायला यायचे, डब्याची पिशवी मांडीवर घेऊन. तोवर मुलगीही शाळेतून यायची. पुस्तक कुठं रटाळ होतं, हे सुनंदाइतकं नेमकं कुणी सांगत नसे. "सुनंदा काय म्हणते बघू," असं म्हणून बाई खोके अडवून ठेवायच्या.

जिल्ह्यातून तपासणी येणार होती. नेमक्या आदल्या दिवशी बाईंना बहिणीच्या आजारपणामुळं शिरूरला जावं लागलं. मला वाटलं, हीच संधी. मी कोपऱ्यातलं कपाट उपसलं, चौदा पुस्तकं शोधून काढली. काही बाल विभागात लावली आणि चांगल्या मुखपृष्ठांची दर्शनी मांडणीवर उभी केली. त्यात एक मुलींच्या वयात येण्यावरचं होतं. अंगात काय बदल होतात, काय घाबरायचं नाही, हे साध्या भाषेत, चित्रांसह लिहिलेलं.

साडेतीनच्या सुमारास सुनंदा आली. नेहमीसारखी कोपऱ्यात गेली. कपाटापुढं उभी राहिली, वरच्या कप्प्यापासून खालपर्यंत बघितलं, पुन्हा वर बघितलं. मला वाटलं, आपण मदत करावी. देवघेवीच्या टेबलामागून मी चांगल्या खणखणीत आवाजात म्हणालो, "सुनंदा, तुझं ते अर्धं राहिलेलं पुस्तक इकडं पुढं ठेवलंय बघ, मुलींचं!" आणि मांडणीवरून काढून ते हातात उंच धरलं.

पेपरच्या टेबलावरची सात-आठ माणसं वळली. त्यात लक्ष्मणराव होते.

ते उठून आले. माझ्या हातातून पुस्तक घेतलं, चार पानं उलटली. मधल्या चित्रावर थांबले. आवाज न चढवता म्हणाले, "विणकाम बघती म्हणली व्हतीस न्हवं?"

सुनंदानं खांद्यावरचं दप्तर सावरलं.

"चल घरी." पुस्तक त्यांनी टेबलावर पालथं ठेवलं. ती माझ्याकडं न बघता गेली.

त्या क्षणी ते कपाट मला कळलं. बाल विभागाच्या पाटीखाली उभं राहायला चौदा वर्षांच्या मुलीला लाज वाटते. कादंबऱ्यांच्या कपाटापाशी गेलं तर पेपरवाले बघतात. विणकामाच्या कपाटाला कुणी काही विचारत नाही. मुलींना उभं राहायला आख्ख्या वाचनालयात एक जागा होती, आणि ती मी तपासणीसाठी आवरून ठेवली होती. वर्षभर ती पुस्तकं कोण हलवत होतं, हेही तेव्हाच उमगलं; बाई नुसतं "असं होय?" म्हणून कामाला का लागल्या होत्या, तेही.

तपासणी उत्तम झाली. साहेबांनी मांडणीचं कौतुक केलं. ते गेल्यावर त्याच संध्याकाळी मी चौदाच्या चौदा पुस्तकं विणकामात परत नेऊन ठेवली. पण बाई आल्यावर त्यांना काय सांगितलं? पंधरा दिवसांनी त्यांनी विचारलं, "सुनंदा दिसत नाही?" मी म्हणालो, "वडील घेऊन गेले एक दिवस. ते वयात येण्यावरचं पुस्तक पसंत पडलं नसावं." यात खोटं काही नव्हतं. खरंही नव्हतं.

बाई उन्हातून चालत त्यांच्या घरी गेल्या. पहिल्यांदा लक्ष्मणराव पाळीवर होते. दुसऱ्यांदा घरात असून बाहेर आले नाहीत. तिसऱ्यांदा बाई तेच पुस्तक पिशवीत घालून गेल्या. परत आल्यावर मला म्हणाल्या, "मी त्यांना म्हटलं, आधी तुम्ही वाचा. नाही पटलं तर मुलीचं कार्ड परत करा." एवढंच सांगितलं. आणखी काय बोलणं झालं, माझं नाव निघालं की नाही, हे मी विचारलं नाही. विचारण्याची छाती नव्हती.

दीडेक महिन्यानं लक्ष्मणराव आले. टेबलापुढं उभे राहून म्हणाले, "विणकामाचं पुस्तक पायजे. पोरीला." मी उठून खरोखरच स्वेटरच्या नमुन्यांचं काढायला लागलो.

"त्यातलं न्हाई," ते म्हणाले, आणि कोपऱ्यात जाऊन विहिरीत पोहणाऱ्या मुलीचं स्वतः काढून आणलं. पुढं तीन वर्षं ते असं एकेक नेत राहिले. कंपनीच्या बसमध्ये आधी स्वतः वाचायचे, मग घरी द्यायचे. एकदा तर मला विचारलं, "ते आईबाप येगळं झालेलं पोरगं, त्येचं म्होरं काय झालं? दुसरा भाग हाय का?" नव्हता. त्यांना वाईट वाटलेलं दिसलं.

पण सुनंदा स्वतः वाचनालयाची पायरी पुन्हा चढली नाही. खोका आला की बाई अजून दाराकडं बघायच्या. मी रजिस्टरात मान घालायचो.

सेवानिवृत्त होताना नव्या ग्रंथपालासाठी समितीनं बाईंचं मत विचारलं. त्या म्हणाल्या, "जगदाळेंना घ्या. त्यांना ते कपाट कळलंय." सगळे हसले; कुणाला काही समजलं नाही. मला वाटतं मी पांढरा पडलो असेन. हे कौतुक होतं, की सगळं ठाऊक असल्याची खूण होती? त्या वाक्याचा मी इतक्या बाजूंनी विचार केला आहे, की आता त्याचा अर्थच हरवून गेला आहे. बाईंचा चेहरा नेहमीसारखा होता.

सुनंदा आज शिरूर तालुक्यातल्या एका शाळेत शिक्षिका आहेत आणि या ग्रंथाच्या संपादक मंडळावर आहेत. लेखाचा निरोप त्यांचाच होता. मी टाळाटाळ करतोय म्हटल्यावर त्यांनी फोन केला.

"सर, गोड गोड लिहू नका. बाईंना आवडत न्हाई."

"मग काय लिहू?"

"त्या दिवसाचं लिहा."

मी विचारलं, "बाईंना माहीत आहे?"

"मी कवाच सांगितलं न्हाई. आमच्या आप्पांनी, वडिलांनी, सांगितलं असंल, तर मला ठाऊक न्हाई. तुम्ही लिहा, मी छापते."

मी त्यांना म्हणालो, "सुनंदाताई, तुम्ही पुन्हा वाचनालयात आला नाहीत." त्या म्हणाल्या, "समद्यांनी बघितलं होतं ना, सर." त्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. बारा वर्षांत मी या मुलीची माफी मागितली नव्हती. त्या दिवशी फोनवर मागितली. त्यांनी ऐकून घेतलं आणि लेख कधी देता, ते विचारलं.

बाई, उरलात तुम्ही. मुलांना पुस्तक देताना आवाज किती ठेवावा, हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत, आणि ते न सांगता कळायला हवं होतं. सुनंदाला मी घालवलं. तुमच्या तीन उन्हाच्या फेऱ्या माझ्यामुळं झाल्या. आणि तुम्ही विचारलंत तेव्हा मी अर्धंच सांगितलं. माझं चुकलं. तुम्हाला हे आधीपासून माहीत होतं का, हे मी आता विचारत नाही. माहीत असलं तरी माझ्या तोंडून यायचं राहिलं होतं. ते ऐकायला तुम्ही आहात, धडधाकट आहात, याचं मला किती बरं वाटतंय ते सांगता येत नाही. अजून पुष्कळ वर्षं अशाच राहा, बाई.