दिवसपाळीचं भूत

कडकभाऊच्या घरात दिवसाढवळ्या भूत वावरतं, ही बातमी लसूणमावशीने फोडली. तिचं दुर्दैव असं, की ती तिने सर्वांत आधी सांगितली ती त्या भुतालाच.

संध्याकाळची वेळ होती. कडकभाऊ हातात डबा घेऊन, दिवसभर राबलेल्या माणसाने यावं तसा जरा खांदे पाडून गल्लीतून येत होता. शेजारची मावशी पायरीवर बसून लसूण सोलत होती. एका खानावळीला ती सोललेला लसूण पुरवते. पोतं येतं, पाकळ्या जातात, आणि सालं गल्लीभर उडत राहतात. तिने त्याला हातानेच थांबवलं.

"भाऊ, वहिनीला सांगू नकोस, घाबरेल ती. पण तुझ्या घरात कोणीतरी आहे."

"कोण?"

"ते मला काय ठाऊक? तुम्ही दोघं गेलात की चालतं. हलक्या पावलांनी. मधेच थांबतं. काल तर शिंकलं."

"उंदीर असेल मावशी."

"उंदीर शिंकून 'अरे देवा' म्हणत नाही रे बाबा."

कडकभाऊला घाम फुटला. मावशीला वाटलं, भुताच्या भीतीने. ते अगदीच खोटं नव्हतं.

आता हा कडकभाऊ कोण, ते सांगायला हवं. दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी धुणारा एक मोठा धुलाईखाना होता, तिथे तो होता. तापलेल्या रुळाखालून चादर बाहेर आली की ती झटकायची आणि कडेवरून अंगठा फिरवून घडी घालायची, हे त्याचं काम. त्याच्या घडीवर बोट फिरवलं तर बोट कापेल, असं सोबती म्हणायचे. स्वतःच्या शर्टाला तो इतकी कांजी घालायचा, की हा बसला तरी शर्ट उभाच. म्हणून कडक. खरं नाव त्याच्या बायकोलाही आठवावं लागतं.

आकडी त्याला लहानपणापासूनची. वर्षातून दोन-तीनदा यायची, आणि येण्याआधी बहुधा निरोप पाठवायची. तोंडात लोखंडाची चव यायची. मग तो आपणहून जमिनीवर बसायचा, सोबती त्याला कुशीवर वळवायचे, डोक्याखाली एखादी मळकी चादर सरकवायचे आणि परत कामाला लागायचे. त्यात कोणाला काही विशेष वाटत नसे. पण एकदा निरोप उशिरा आला. डावा हात रुळाला लागला. मनगटापासून कोपरापर्यंतची कातडी अजून मेणकागदासारखी चकाकते. मालक काही वाईट नव्हता. वाईट नसलेली माणसं करतात तेच त्याने केलं. डोळ्यांत पाणी आणून त्याला घरी बसवलं.

मग अपंगत्वाचा भत्ता. त्यासाठी डॉक्टरांच्या मंडळापुढे उभं राहावं लागतं. मंडळ हात बघून म्हणालं, हात तर चालतोय. आकडीचं म्हणाल, तर ती काही हाक मारली की येणारी शेजारीण नव्हे. नेमकी त्या दिवशी याची तब्येत इतकी ठणठणीत, की बायको बाहेर बाकावर बसून कपाळाला हात लावत होती. "घरी असता तर दोनदा पडला असता," ती म्हणाली. "चारचौघांत मात्र तुमची तब्येत सुधारते." तिसऱ्या खेपेला मंडळालाच त्याचा कंटाळा आला आणि भत्ता सुरू झाला. मोठा नव्हता, पण बायको एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात होती, दोघांचं भागत होतं.

आणि मग खोक्यांच्या कारखान्यातून बोलावणं आलं. नोकरी. कडकभाऊ शर्टाला दुप्पट कांजी घालून गेला.

तिथले भरतीसाहेब फार गोड माणूस. बोलताना समोरच्याचा हात हातात घेणारे. त्यांनी टेबल दाखवलं, खुर्ची दाखवली, चिकटपट्टीचं यंत्र दाखवलं. कडकभाऊ खुर्चीत बसला. साहेब म्हणाले, "छान. आता उठा."

"कामाला कधीपासून येऊ?"

"तेच सांगतोय. यायचं नाही. तुमच्यासारखी काही माणसं कामावर ठेवावी लागतात, तसा नियम आहे. आणि आम्ही ठेवली. पण तुम्ही इथे पडलात, तर बाकीची घाबरतात. काम थांबतं. तुमचेही हाल. त्यापेक्षा घरी बसा. पगार घरपोच. हजेरीचं आम्ही बघू."

"नुसतं बसायचं?"

"एकच सांभाळा. कामाच्या वेळात बाहेर कुठे दिसू नका. तपासणारा साहेब याच भागात राहतो, आणि त्याला चेहरे लक्षात ठेवायची वाईट खोड आहे."

बायको हे ऐकून आधी हसली. "लोकांना कामावर जायचा पगार मिळतो, तुम्हाला न जाण्याचा. हुशार निघालात." पगार भत्त्याहून बरा होता. नोकरी लागली म्हणून भत्ता बंद झाला, तो नियमच होता. नोकरी आपणहून सोडली तर वर्षभर अर्जही करता येणार नाही, आणि मग परत त्या मंडळापुढे ठणठणीत उभं राहायचं, हाही नियमच होता. नियमांची ही दोन टोकं कोणीतरी छान घडी घालून जुळवली होती, आणि कडकभाऊ आत.

तर रोज सकाळी तो डबा घेऊन पुढच्या दाराने निघायचा, मावशीला "येतो" म्हणायचा, कोपऱ्यावरून वळून मागच्या बोळाने यायचा आणि मागच्या दाराने आत शिरून कडी लावायचा. बायको पुढे कुलूप घालून जायची. संध्याकाळी मागून बाहेर, पुढून आत. मधला सगळा दिवस तो अनवाणी. नळ सोडायचा नाही, पाणी आधीच भरून ठेवायचं. भांड्याला भांडं लागू द्यायचं नाही. खिडकीला पडदा. खोकला आला तर उशीत. पहिले काही दिवस त्याने घरातल्या सगळ्या कपड्यांच्या घड्या घातल्या. मग त्या मोडून परत घातल्या. संसाराला इतक्या कडक चादरी झेपत नाहीत, असं बायको म्हणाली. रात्री कूस बदलली की कुरकुर वाजतात.

मधली भिंत एका विटेची. पलीकडे मावशी. ऊन वाढलं की ती पोतं घेऊन आत येते आणि भिंतीला पाठ लावून सोलत बसते. भुताची खात्री पटल्यावर तिने काही दिवस वाट पाहिली, ते काही करत नाही असं बघितलं, आणि मग त्याच्याशी बोलायला लागली. माणसाला सवड असली की तो कोणाशीही बोलतो.

"झालं का जेवण?" ती विचारायची. "तुमच्यात जेवतात का?"

कडकभाऊ घास तोंडात तसाच धरून ठेवायचा.

हळूहळू ती भिंतीला ते सांगू लागली जे गल्लीला सांगत नव्हती. तिच्या बोटांना आता काही कळत नाही. लसणाने कातडी खाल्ली. आधी आग व्हायची, तेव्हा बरं होतं, बोटं आहेत असं वाटायचं. परवा तिने गरम तवा उचलला आणि वास आला तेव्हा कळलं. लेकीला सांगितलं तर ती उद्या गाडी घेऊन येईल आणि आपल्याकडे नेऊन बसवेल, पाचव्या मजल्यावर, टीव्हीसमोर. "बसवलं की माणूस संपतं बघ," मावशी म्हणायची. "तू कशाने संपलास?"

कडकभाऊ आपल्या चकाकत्या हाताकडे बघत बसायचा. आणि संध्याकाळी तीच मावशी पायरीवर त्याला सांगायची, "गुणी आहे हो तुझ्या घरातलं. सगळं ऐकून घेतं. तुझ्यासारखं मधे मधे बोलत नाही."

वर्ष सरलं तेव्हा कारखान्याचा ड्रायव्हर एक खोकं देऊन गेला. आत स्टीलचा नवा डबा, त्यावर कारखान्याचं चिन्ह. वर्षभर एकही खाडा न केलेल्या कामगारांना साहेबांकडून भेट.

"तुमच्या जागी जो जातो ना," बायको म्हणाली, "त्याला एकदा जेवायला बोलवा. चांगला दिसतोय."

दोघंही हसले. पण त्या रात्रीपासून तो माणूस कडकभाऊच्या डोक्यात येऊन बसला. रोज वेळेवर जाणारा. कधी न पडणारा. ज्याच्याकडे बघून कोणी घाबरत नाही, असा तो. दुपारी पडद्याआड बसल्या बसल्या कडकभाऊला वाटायचं, आत्ता तो पट्टी लावत असेल. आता पाणी प्यायला उठला असेल. सोबत्यांशी हसत असेल. पगार त्याचाच. आपण त्याच्या घरात चोरून राहतोय.

एका दुपारी तोंडात लोखंडाची चव आली, तेव्हा तो ओट्यापाशी उभा होता. गादीपर्यंत जाऊ, असं त्याने ठरवलं. एवढंच ठरवता आलं.

शुद्ध आली तेव्हा गाल कशानेतरी ओला होता आणि जीभ चावली गेली होती. ओटा आणि भिंत यांच्यामधे तो अडकला होता. टाचा सोलून निघाल्या होत्या, म्हणजे बराच वेळ भिंतीवर आपटत होत्या. आणि पलीकडून आवाज येत होता.

"बास कर. बास कर बाबा. काय होतंय तुला? कोणी मारतंय का?"

तो ऐकत राहिला.

"मी येऊ का?" मग जरा थांबून, "येऊ कुठून? कुलूप आहे."

ओ द्यायची तर जीभ वळत नव्हती. थोड्या वेळाने वळायला लागली, तेव्हा त्याने ती दातांमागे धरून ठेवली. भिंतीवर पलीकडून नखं फिरत होती, गुरांची पाठ खाजवावी तशी, सावकाश, बराच वेळ. त्याने आपला तळवा आतून भिंतीला लावला आणि तसाच पडून राहिला.

बायको कुलूप काढून आत आली तेव्हा तो अजून भिंतीपाशीच होता. तिने त्याचं तोंड पुसलं, टाचांना हळद लावली, आणि मग समोर बसली.

"मावशी होती ना पलीकडे?"

"होती. विचारत होती, येऊ का."

"मग हाक का नाही मारलीत?"

"मी कामावर होतो," कडकभाऊ म्हणाला.

तिने हळदीची वाटी बाजूला सरकवली. मग म्हणाली, "उद्या खरंच जा."

"पगार जाईल. भत्ताही लगेच सुरू व्हायचा नाही."

"पगार गेला तर मला पहिल्या तारखेला कळेल. तुम्ही गेलात तर पाचला घरी आल्यावरच. जा उद्या."

दुसऱ्या दिवशी तो कोपऱ्यावरून वळला नाही, सरळ चालत गेला. कारखान्याच्या फाटकावर पहारेकरी होता. कडकभाऊने आपलं खरं नाव सांगितलं.

"ते आत आहेत," पहारेकरी म्हणाला.

"कोण?"

"तुम्ही ज्यांचं नाव घेतलंत ते. सकाळीच आलेत."

"तुम्ही बघितलंत?"

"रोजचे आहेत हो. त्यांचा एक खाडा नाही. तुमचं काय काम होतं त्यांच्याकडे?"

"मीच तो आहे."

पहारेकऱ्याने त्याच्याकडे बघितलं, आणि मग मान वळवून आत बघितलं, जणू दोघांना शेजारी उभं करून पाहावं असं त्याच्या मनात आलं. कडकभाऊनेही पाहिलं. लांब खिडकीतून टेबलांची रांग दिसत होती. शेवटच्या टेबलावर कोणीतरी पाठमोरं बसलं होतं. पांढरा शर्ट. पुठ्ठा उचलायचं, कडेवरून अंगठा फिरवून दुमडायचं, बाजूला ठेवायचं. अंगठा असा फिरवणारा माणूस त्याने उभ्या जन्मात एकच पाहिला होता. असेल कोणी, असं तो स्वतःशी म्हणाला. असणारच कोणीतरी.

भरतीसाहेब धावत आले आणि त्यांनी सवयीने त्याचा हात हातात घेतला. तो नेमका डावा होता. त्यांनी तो सोडला.

"हे काय ठरलं होतं आपलं?"

"काल पडलो, साहेब. दार आतून बंद. मला आत घ्या. कोपऱ्यात बसवा, खाली बसवा, पण माणसांत बसवा."

"आत जागा नाही. तुमची जागा भरलेली आहे," साहेब म्हणाले, आणि त्यात आपण काही चमत्कारिक बोललो, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. "घरी जा. आणि मागच्या रस्त्याने जा."

"पुढच्याने जातो," कडकभाऊ म्हणाला.

तो दिवसाढवळ्या, गल्लीच्या मधोमध चालत आला. मावशी अजून पायरीवरच होती. तिने डोळ्यांवर हात धरला.

"सुट्टी काय रे?"

"नाही. मावशी, ते भूत मीच."

मावशीच्या हातातली पाकळी तशीच राहिली. त्याने सगळं सांगितलं, टाचा दाखवल्या. तिने ती पाकळी टोपलीत टाकली. मग म्हणाली, "म्हणजे मी बोलले ते सगळं?"

"ऐकलं."

"तव्याचं?"

"तेही. कोणाला सांगितलं नाही मी."

"तू कशाला सांगशील," मावशी म्हणाली. तिने दोन्ही हात पदराखाली घेतले. मग पाय ओढत आत गेली आणि दार लावून घेतलं.

तेव्हापासून तो पायरीवर बसतो. दार सताड उघडं, दिवसभर, ज्याला बघायचं त्याने बघावं. पहिल्या तारखेला पगार आला नाही. चौकशी केली तेव्हा कळलं, की त्याने घरगुती कारणासाठी आपणहून नोकरी सोडली होती. त्याला न विचारता. भत्त्याला आता वर्षभर थांबायचं आहे. तोवर खानावळीने दोन पोती द्यायला सुरुवात केली आहे, एक मावशीला आणि एक त्याला. लसणाला आकडीचं वावडं नाही. पडला तर मावशी कुशीवर वळवते. एकदा पडला, तेव्हा तिने वळवलं, पाकळ्या वेचल्या आणि म्हणाली, "निम्म्या माझ्या टोपलीत आल्यात, त्या माझ्या."

ती त्याच्याशी भांडते, खानावळवाल्याला दोघं मिळून शिव्या घालतात. पण बोटांचं ती पुन्हा बोललेली नाही. त्याने एकदा विचारून पाहिलं.

"तुझ्याशी काय बोलू?" ती म्हणाली. "तू रोजचाच आहेस."

ऊन वाढलं की ती आपलं पोतं उचलून आत जाते. कडकभाऊ बाहेरच बसतो. थोड्या वेळाने त्याच्याच उघड्या दारातून, त्याच्याच रिकाम्या घरातून, भिंतीतून गाळून आल्यासारखा तिचा आवाज येतो. अंगठाही गेला बघ आता, ती सांगत असते. लेक येते म्हणतेय. काय करू, सांग. मग ती थांबते. उत्तराला लागेल तेवढा वेळ थांबते, आणि "हं" म्हणून पुढे बोलायला लागते.

कडकभाऊ हात थांबवतो. सालांचा आवाज होऊ नये म्हणून. आत वळून बघायचं मात्र तो टाळतो.