ह्यांच्या पंपाचं डिझेल

आमच्या ह्यांना डिझेल ओळखता येतं. मला येत नाही, तुम्हाला येत नाही, ज्यांनी ते जमिनीतून उपसलं त्यांनाही बहुधा येत नसेल. पण ह्यांना येतं. दोन थेंब तळहातावर घ्यायचे, अंगठ्याने चोळायचे, नाकाशी न्यायचे आणि डोळे मिटायचे. मग निकाल लागतो. "पाणचट आहे." किंवा, "बरं आहे, पण दम नाही." लग्नाला होकार देताना ह्यांनी इतका विचार केला नव्हता.

घराच्या कोपऱ्यावरच एक पंप आहे. पण आमची पिकअप तिकडे वळत नाही. फार पूर्वी तिथलं डिझेल भरल्यावर ती चढावर खोकत खोकत बंद पडली होती. मेकॅनिकने फिल्टर काढून दाखवला. त्यात इतका गाळ होता की मी त्यात गुलाबाचं कलम लावलं असतं. "हा तुम्ही कधी बदललाच नाहीये," तो म्हणाला. ह्यांनी मेकॅनिक बदलला.

तेव्हापासून खरं डिझेल मिळतं ते फक्त शहराच्या दुसऱ्या टोकाला, जुन्या गोदामांपलीकडच्या पंपावर. वाटेत आणखीही पंप लागतात, पण पुलाजवळच्याचं माप मारलेलं आणि बाजारातल्याची टाकी आतून गंजलेली. "तुम्ही आत उतरून बघितलीत?" असं मी विचारलं, तर "चेहऱ्यावरून कळतं गं," म्हणे. पंपाच्या की मालकाच्या, ते सांगितलं नाही. शिवाय जायचं ते सकाळच्या गारव्यात, कारण उन्हात डिझेल फुगतं आणि आपल्या वाट्याला कमी येतं, हे ह्यांचं शास्त्र. मग जाण्यायेण्यात किती जळतं, हेही मी एकदा विचारून पाहिलं.

"जळतं ना," हे म्हणाले, "पण चांगलं डिझेल जळतं."

मी रोपांना पाणी घालायला गेले.

रोपं माझी आहेत. घरामागच्या जागेत माझी लहानशी रोपवाटिका आहे. पिकअप एरवी लोकांची कपाटं, पलंग नि गाद्या वाहते, अधूनमधून माझ्या कुंड्या. एका मोठ्या दवाखान्याच्या बागेला दर महिन्याला रोपं पुरवायचं काम मला मिळालं, तेव्हा मी आठवडाभर जमिनीवर नव्हते. अट एकच, ऊन चढायच्या आत रोपं पोहोचली पाहिजेत.

पहिल्याच खेपेला काटा लाल रेषेवर होता.

"कोपऱ्यावर थोडं टाकून घ्या ना," मी म्हणाले.

"अगं, लाल रेषेखालीही असतं टाकीत. आपल्या पंपावर घेऊ जाता जाता."

दवाखाना एकीकडे, 'आपला' पंप भलतीकडे. पण ह्यांच्या भूगोलात तो कायम जाता जाताच लागतो. पुलाच्या चढावर पिकअपने मान टाकली. डिझेलची गाडी कोरडी पडली की नुसतं डिझेल ओतून भागत नाही. नळीत शिरलेली हवा छोटा हातपंप दाबून दाबून काढावी लागते. हे बॉनेटमध्ये डोकं खुपसून दाबत होते आणि मी मागे रोपांवर चादर धरून उभी. डिझेल आणलं ते त्याच माप मारलेल्या पंपावरून, कॅनमधून. त्या वेळी तळहात, अंगठा, नाक यांतलं काहीही वापरलं गेलं नाही.

पोहोचलो तेव्हा अर्धी रोपं माना टाकून बसली होती. बागेची व्यवस्था बघणाऱ्या बाई ह्यांच्याशी बोलल्याच नाहीत, माझ्याशी बोलल्या. "पुन्हा असं झालं तर आम्ही दुसरीकडून घेऊ." परतताना मला रडू आवरेना. घराजवळ आल्यावर हे म्हणाले, "त्या पुलाच्या डिझेलने गाडी ओढतच नव्हती."

तेव्हा मी रडायची थांबले.

दुसऱ्या दिवसापासून दुपारी हे घोरायला लागले की मी लोखंडी कॅन स्कूटरवर ठेवून कोपऱ्यावरच्या पंपावर जायला लागले. टाकीच्या टोपणाची दुसरी किल्ली चहाच्या डब्यामागे असते. नरसाळं लावायचं, बेताबेताने ओतायचं. काटा एकदम उडी मारता कामा नये. पंपावरची माणसं मला ओळखायला लागली. आणि माझी रोपं दर महिन्याला वेळेवर पोहोचायला लागली. मला तेवढंच हवं होतं.

ह्यांना मात्र त्याहून बरंच जास्त मिळालं. पिकअपच्या थांब्यावर छाती फुगवून सांगायचे, "एकदा आपल्या पंपावर भरलं की संपायचं नाव नाही!" ते ऐकून दोघेतिघे गोदामांपलीकडे हेलपाटे घालायला लागले. एकजण घरी येऊन कुरकुरला की त्याला काही फरक पडला नाही. "तुझा पाय जड आहे," ह्यांनी निदान केलं. मी चहाचा कप पुढे केला आणि हसू गिळून आत गेले.

मग मला ताप आला, चांगला अंथरुणाला खिळवणारा. दुसऱ्या दिवशी सकाळी रोपं जायची होती. संध्याकाळी हे खोलीत आले, माझ्या कपाळावर हात ठेवला आणि खिडकीकडे बघत म्हणाले, "आज तू गेली नाहीस वाटतं."

"कुठे?"

"काटा लालवर आहे."

मला तापात घाम फुटला. "कधी कळलं तुम्हाला?"

"पहिल्यांदाच. टोपणाला माती होती. माझ्या पंपावर कुंड्या कोण भरतं?"

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तू थांबली असतीस." माझं पांघरूण सारखं करत म्हणाले, "मग मला जावं लागलं असतं."

मला राग आला, आणि त्याच वेळी त्या माणसाची इतकी माया वाटली की मी तोंडावर पांघरूण ओढलं. आतूनच म्हणाले, "उद्या रोपं जायचीत. तुमचा पंप आता बंद झाला असेल."

"झाला."

थोड्या वेळाने पिकअप सुरू झाल्याचा आवाज आला. ती कोपऱ्यापर्यंत गेली, तिथे थांबली आणि लगेच परत आली. हे हात धुऊन आत आले.

"कुठे जाऊन आलात?"

"टायरमध्ये हवा कमी वाटली. कोपऱ्यावर भरून आणली. हवेत काय भेसळ करणार ते?"

सकाळी मी शाल गुंडाळून कशीबशी रोपं चढवायला बाहेर आले. रोपं ह्यांनी आधीच चढवून, ओलं पोतं पांघरून ठेवली होती. ह्यांनी किल्ली फिरवली तेव्हा मी खिडकीतून डोकावले. काटा पार वर टेकला होता.

"हवा बरीच भरलीत," मी म्हणाले.

"हो," हे म्हणाले. "जराशी पाणचट आहे. पण चालेल."