कपड्यांच्या घड्या

सासूबाईंना आता माझं नाव आठवत नाही. तरी दुपारी दोरीवरचे कपडे आणून दिले की त्या घड्या घालतात आणि प्रत्येकाचा गठ्ठा बरोबर वेगळा ठेवतात. काल माझ्या कुर्त्यावरून हात फिरवत होत्या, तेव्हा मी सहज विचारलं, "आई, हा कुणाचा?"

"इथं एक बाई राहते ना, तिचा. फार दमते बिचारी. तुम्ही ओळखता तिला?"

माणूस विसरल्यावरही त्याची काळजी उरते का? की ही नुसती हातांची सवय? काही कळेना. मी शेजारी बसून टॉवेलची घडी घालू लागले.

"अशी नाही," म्हणत त्यांनी ती मोडली आणि पुन्हा घालून दाखवली. लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात दाखवली होती, अगदी तशीच.