टिपणीसकाकूंचे काळे केस

टिपणीसकाकूंना हात जोडून नमस्कार करणं धोक्याचं होतं. जोडलेल्या हातांतला एक हात त्या सोडवून घ्यायच्या, पालथा करायच्या आणि मागची कातडी चिमटीत धरून वर उचलायच्या. मग सोडून द्यायच्या आणि ती जागेवर बसायला किती वेळ लावते ते चष्म्यावरून बघायच्या. "पाणी पीत नाहीस," असा निकाल लागायचा. लग्नानंतर मी बायकोला घेऊन त्यांच्या पाया पडायला गेलो, तेव्हा आशीर्वादाआधी तिचाही हात तपासला गेला. "हिची कातडी उत्तम आहे," काकू म्हणाल्या, "तुझ्या वाट्याला कशी आली कोण जाणे." बायको त्या दिवसापासून जी त्यांच्या पक्षात गेली ती आजतागायत परत आलेली नाही.

भिवंडीच्या आमच्या आळीत त्यांचं आणि आमचं घर भिंतीला भिंत लावून. काकू शाळेत शास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. काका दस्तनोंदणीच्या कचेरीत कारकून होते. काका बोलायचे कमी आणि काकू त्यांचा वाटा भरून काढायच्या. मी राहनाळच्या एका गोदामात सुपरवायझर. चाळिशीच्या आतच माझ्या टाळूवर एक मोकळा प्लॉट तयार झाला होता, आणि भिवंडीत मोकळ्या प्लॉटकडे जशी सगळ्यांची नजर जाते तशी काकूंची त्याच्याकडे गेली.

"काय लावतोस?" त्यांनी विचारलं.

"कांद्याचा रस," मी अभिमानानं सांगितलं. मोबाइलवर बघितलं होतं.

"आणि मग कामावर जातोस?"

जात होतो. त्याच सकाळी गोदामातला फोर्कलिफ्टवाला हवेत नाक वर करून म्हणाला होता, "साहब, आज नाश्ते में भजिया है क्या?" हे मी काकूंना सांगितलं नाही, पण त्यांना वासावरून कळलं असावं. "अरे, केस आतून येतात," त्या म्हणाल्या. "बाटलीतून नाही आणि कांद्यातून तर नाहीच. तुझे वडील टकले, आजोबा टकले. आहेत तेवढे सांभाळ, गेलेल्यांचा शोक करू नकोस."

ऋतू बदलला की काकूंचा फतवा निघायचा. पावसाळ्यात ओले केस बांधून ठेवणाऱ्या मुलींना त्या जिन्यात अडवायच्या आणि पुरुषांना पायाच्या बोटांच्या बेचक्या कोरड्या केल्यास का, म्हणून चारचौघांत विचारायच्या. उन्हाळ्यात घामोळ्यावर सैल सुती सदरा आणि थंड पाणी, बस्स. मी एकदा पाठभर पावडर थापून बसलो. घाम आला, पावडर भिजली आणि तासाभरात पाठीवर पिठलं झालं. काकूंनी ते ओल्या फडक्यानं पुसून काढलं आणि बायकोला म्हणाल्या, "फोडणी द्यायची राहिली गं." साबणाबद्दल त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "साबण म्हणजे पाहुणा. जिथं काम आहे तिथंच बोलवावा, घरभर हिंडवू नये." थंडीत टाचा फुटल्या की कोकमाचं तेल. त्याचा थिजलेला गोळा कोमट करून रात्री टाचांना चोळायचा आणि वर मोजे घालायचे. मी ते सकाळी चोळलं, मोजे गाळले आणि नव्या फरशीवरून सासऱ्यांच्या पुढ्यात असा घसरत गेलो की त्यांना वाटलं जावई पाया पडायला आला. त्यांनी आशीर्वादही दिला.

वयाबद्दल काकूंची मतं कडक होती. सुरकुत्या घालवायची क्रीमं त्या हातातही धरत नसत. "त्वचा म्हणजे काय भिंत आहे, दिवाळीला रंग काढायला? सत्तरीची असेन तर सत्तरीची दिसू दे. फक्त नीट राखलेली सत्तरी दिसू दे." आणि खरंच, त्यांचा चेहरा सुरकुतलेला होता पण तुकतुकीत होता, चांगल्या मलमलीला घड्या पडाव्यात तसा.

हे सगळं ऐकताना माझी नजर त्यांच्या डोक्यावर जायची. त्यांचे केस काळेभोर होते. कोळशासारखे. भांगाच्या मुळाशी पांढरी रेघ दिसायला लागली की काकूंचं दार एका रविवारी सकाळभर बंद राहायचं आणि दुपारी रेघ नाहीशी व्हायची. मी गप्प बसणाऱ्यातला नव्हे.

"काकू, केस आतून येतात हे पटलं. पण मग हा रंग कुठून येतो?"

त्यांनी कप माझ्यापुढे सरकवला. "चहा पी. गार होतोय," म्हणाल्या.

एवढ्यावर सोडणारी बाई नव्हती ही. मला वाटलं, चला, एकदाचं काकूंना पकडलं. महिनाभर मी आळीत ते सांगत हिंडलो.

मग गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर काकू रविवारच्या बंद दारातून सोमवारी बाहेर आल्या त्या ओळखू न येण्याइतक्या. कपाळ लालबुंद, कानांमागे पुरळ, डोळ्यांच्या नुसत्या फटी. इतकी वर्षं चाललेला रंग शरीरानं एका दिवशी नाकारला होता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की पुन्हा डाय लावाल तर याहून वाईट होईल, कायमचा बंद. सूज आठवड्यात उतरली. पांढरी रेघ मात्र रुंद होत गेली आणि काकू डोक्यावरून पदर घ्यायला लागल्या. मी हसत होतो. "आता काय, नीट राखलेली सत्तरी!" वगैरे. बायकोनं मला कोपर मारलं, पण मला वाटलं ती मच्छर मारतेय.

वर्ष गेलं. यंदाच्या उन्हाळ्यात एके सकाळी शेजारून आवाज आला. बाहेर येऊन बघतो तर काकू दूध घेऊन स्वतःच्याच दाराबाहेर उभ्या, पदर खांद्यावर घसरलेला, आणि आत कडी लावून काका खिडकीतून अत्यंत सभ्यपणे सांगताहेत, "बाई, तुम्ही घर चुकलात."

काका विसरायला लागलेत हे आम्हाला माहीत होतं. मला ते रोज नव्यानं "आपण कोणाचे?" विचारायचे. पण काकूंना ते कधी विसरले नव्हते. "नले, चष्मा कुठाय? नले, जेवलो का मी?" असं दिवसभर चालायचं.

"अहो, मी नली," काकू म्हणाल्या.

काकांनी पांढऱ्या केसांकडे बघितलं. "ओळख पटवणारे दोन साक्षीदार लागतील," ते म्हणाले. आयुष्यभर कचेरीत हेच केलं होतं त्यांनी.

मी पुढे झालो. "काका, मी ओळखतो. याच टिपणीसकाकू."

"साक्षीदार पक्षकाराच्या घरी रोज चहा पितो. चालणार नाही."

दिघाशीहून भाजी घेऊन येणारी वनिता तेवढ्यात जिना चढत होती. तिनं पाटी खाली ठेवली. "आवो काका, या काकूच हायत! मी काय वलखत न्हाय का? काल दोन जुड्या मेथी घेतली, एक नासकी म्हनून परत केली. दुसरी कोन असंल असली?"

ही साक्ष ग्राह्य धरली गेली. कडी निघाली. पण काकू आत गेल्या तेव्हा काका बाजूला सरकून उभे राहिले, परक्या बाईसाठी पुरुष उभा राहतो तसे.

दुपारी काकू आमच्याकडे आल्या. "तू विचारलं होतंस ना, रंग कुठून येतो म्हणून," त्या मला म्हणाल्या. "त्यांच्या डोक्यात मी काळ्या केसांची आहे. मुलगी विसरले, कचेरी अर्धी विसरले, नली तेवढी राहिलीय. आता मी आरशासमोर उभी राहते ना, तर पांढरा केस वाढताना दिसत नाही, मी पुसली जाताना दिसते. नले म्हणून हाक मारणारं दुसरं आहे कोण मला?"

मी दोन्ही कान धरले. संध्याकाळपर्यंत. मग माझ्यातला कांदेवाला जागा झाला.

केसांचा टोप आणू का, असं मी आधी विचारलं. "भिवंडीच्या मे महिन्यात टोप? डोक्यावर इडल्या वाफवायच्यात का?" म्हणून त्यांनी तो प्रश्न निकालात काढला. मग मी बाजारात गेलो. दुकानदारानं काळ्या मेहेंदीचं पाकीट पुढे केलं. वर हिरवी पानं छापलेली. "केमिकल नहीं है ना?" मी विचारलं. "भाईसाब, पत्ता है पत्ता," तो म्हणाला, "बकरी भी खा ले." मी दोन पाकिटं घेतली आणि विजयी वीरासारखा काकूंच्या दारात उभा राहिलो.

काकूंनी भिंग घेऊन पाकिटाची मागची बाजू वाचायचा प्रयत्न केला. अक्षरं मुंगीच्या पायाएवढी. "मेहेंदीचा रंग लाल. काळा येतो म्हणजे आत काहीतरी घातलंय," त्या म्हणाल्या. "आधी कानामागे थेंबभर लावायचं आणि दोन दिवस थांबायचं."

"काकू, पाला आहे हो! थांबा, तुमच्या समाधानासाठी मीच लावतो." आणि कानामागे थेंबभर लावावी एवढी अक्कल असती तर मी हे लिहायला बसलो नसतो. मी ती भरघोस थापली मिशीला. मिशीत चार पांढरे केस होते, म्हटलं एका दगडात दोन कामं.

मिशी सुंदर काळी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या आधी आरशात पोचली. वरचा ओठ मेदूवड्याएवढा झाला होता, आणि खाज अशी की मी दाराच्या चौकटीला ओठ घासत होतो. "क-कू" असं काहीतरी ओरडत मी शेजारी गेलो. काकांनी दार उघडलं, मला नीट निरखलं आणि आत वळून म्हणाले, "सुसर आलीय."

डॉक्टर तेच. त्यांनी सांगितलं की काळ्या मेहेंदीत बहुतेक वेळा डायमधलंच रसायन असतं. गोदामात आठवडाभर मी तोंडाला रुमाल बांधून हिंडलो आणि हमालांनी मला "डाकूसाब" नाव ठेवलं, ते अजून टिकून आहे.

काकू माझ्या ओठावर गार पाण्याची घडी धरून बसल्या होत्या. "बरं झालं तू वेडा आहेस," त्या म्हणाल्या. "शहाणा असतास तर हे माझ्या डोक्यावर झालं असतं." मग त्यांनी घडी बदलली. उठताना म्हणाल्या, "अर्धी काळी, अर्धी पांढरी. माझ्याच आरशात दोन बायका भांडताहेत. एकीला जाऊ दे."

माझ्या बायकोला बरोबर घेऊन त्या पार्लरात गेल्या आणि काळे केस कापून टाकून आल्या. मानेपर्यंतचे, शुभ्र, दाट केस. आळीतल्या बायका बघत राहिल्या, इतक्या त्या देखण्या दिसत होत्या. मला मात्र काकांनी कडी लावलेलं ते दार दिसत होतं. त्यांनाही. दारापाशी त्यांनी माझ्या बायकोचा हात घट्ट धरला होता.

काका खुर्चीतून उठले. "या. बसा," म्हणाले. "ही बाहेर गेलीय. येईलच."

"येऊ दे," काकू म्हणाल्या. "तोवर चहा टाकते."

नली त्यानंतर त्या घरात परत आली नाही. राहिल्या त्या 'बाई'. बाईंनी काकांना जेवायला वाढलं, त्यांच्या कोरड्या नडग्यांना अंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच तेल लावलं, नखं कापली. काका संकोचायचे, आभार मानायचे. नले अशी हाक त्यांनी अधूनमधून मारली, पण आतल्या खोलीच्या दिशेनं. काकू त्या वेळी हातातलं काम थांबवायच्या, आणि मग पुन्हा सुरू करायच्या.

एका संध्याकाळी मी काकांजवळ बसलो होतो. काकू गॅलरीत कपडे काढत होत्या. काकांनी खुर्ची माझ्याकडे ओढली. "आपण कोणाचे ते माहीत नाही, पण भले दिसता म्हणून सांगतो," ते कुजबुजले. "या बाईंची कांती बघितलीत? या वयात! केस पांढरे, पण काय झळाळी आहे. आमची ही जन्मभर ते तेल नि उटणी करत बसली, पण हे तेज काही... जाऊ द्या. तिच्याजवळ बोलू नका."

मी बोललो. पोटात राहतं का माझ्या? स्वयंपाकघरात जाऊन शब्द न् शब्द सांगितला. काकू कपड्यांची घडी हातात धरून उभ्याच राहिल्या.

"झळाळी म्हणाले?"

"आणि तेज."

"पन्नास वर्षं!" त्या म्हणाल्या. "पन्नास वर्षं या माणसानं एकदाही मान वर करून बघितलं नाही रे! आणि आता बघतो तो दुसरीला बघतो!" मग त्यांना हसू फुटलं. त्या ओट्याला टेकून डोळे पुसेपर्यंत हसल्या. "मीच माझी सवत झाले की. आणि मेली जास्त देखणी निघाली."

या पावसाळ्यानंतर त्यांच्या मुलीनं दोघांना नाशिकला न्यायचं ठरवलं. एकट्या काकूंना ते झेपत नव्हतं. निघायच्या दिवशी सामान गाडीत चढलं, आळी जमली, वनितानं मेथी दिली आणि नासकी नाही हे चारदा बजावलं. काका मात्र गाडीत बसेनात. दाराची चौकट धरून उभे.

"ही यायचीय," ते म्हणाले. "तिला सोडून मी कुठे जात नाही."

मुलगी रडकुंडीला आली. मी काहीतरी थाप मारायला तोंड उघडलं, तर काकूंनी हातानं मला थांबवलं.

"त्या पुढे गेल्यात," त्या काकांना म्हणाल्या. "तुम्हाला घेऊन यायला मला सांगून गेल्यात."

"नलीनं सांगितलं?"

"हो."

"तुम्हाला ओळखते ती?"

"चांगलं ओळखते."

काकांनी विचार केला. चौकट सोडली. "मग चला. ती सांगेल ते ऐकावं लागतं." काकू आधी जाऊन आत बसल्या, उन्हाच्या बाजूला. काका गाडीच्या दारात वाकले, आत बघितलं आणि परत सरळ उभे राहिले. आता काय राहिलं म्हणून आम्ही सगळे धास्तावलो.

"बाई, तुम्ही इकडे सरका," ते म्हणाले. "त्या बाजूला मी बसतो. ऊन लागेल चेहऱ्याला."

काकू सरकल्या.