येलिझारचा डोळा

पडदा वर जातो तेव्हा समोर नुसतं पाणी आहे. दुपारचे बारा. पलीकडच्या काठाचे डोंगर मागच्या पडद्यावर रंगवावेत तसे उभे, माथ्यावर जूनमध्येही बर्फ. रंगमंच म्हणजे 'क्रोखाल' नावाची जुनी लोखंडी बोट, बैकाल सरोवराचं पाणी तपासणाऱ्या संस्थेची. इंजिन बंद केलंय, त्यामुळे भटारखान्यातल्या पातेल्याची रटरट डेकवर ऐकू येते. आणि सावलीच्या बाजूला, कठड्यावर पोट टेकून, एक माणूस आपल्याकडे पाठ करून वाकलाय.

नटानं प्रेक्षकांना पाठ दाखवू नये, असं मला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. येलिझार प्रोकोपिच सत्तावीस वर्षं पाठ करूनच उभा राहिला, आणि इतकं लक्ष लावून काम करणारा माणूस मी कुठल्याही नाटकघरात पाहिला नाही.

त्याच्या हातात दोर असे. दर मीटरला गाठ, टोकाला जेवणाच्या ताटाएवढी पांढरी तबकडी, खाली वजन. तो ती हळूहळू सोडायचा. पांढरी तबकडी हिरवट व्हायची, मग निळी, मग नाण्याएवढी, मग ठिपका. "गेली," तो पुटपुटायचा. मग वर ओढायचा. "आली." या दोन शब्दांच्या मधली गाठ म्हणजे त्या दिवशी पाणी किती स्वच्छ, त्याचा आकडा. दर दहा दिवसांनी, गावासमोरच्या त्याच जागी, त्याच वेळेला.

तो बोलायचा हळू, आणि आकडा लिहून घेणारी राइसा ल्वोव्ना बसायची आत केबिनमध्ये. मधे वारा. म्हणून मी. चाळीस वर्षं शहराच्या रंगभूमीवर काढून मी या गावात राहायला आलो, तेव्हा बोटीनं मला बटाटे सोलायला आणि ओरडायला ठेवून घेतलं. शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा माझा आवाज "साडेएकवीस!" म्हणण्याच्या कामी आला. माझी तक्रार नाही. मी रंगवलेले राजे कुणी वहीत लिहून ठेवले नाहीत, हे आकडे मात्र लिहिले जात होते.

बोटीवर काहीही बदललेलं चालायचं, इंजिन, कप्तान, दोरसुद्धा. तबकडी बघणारा डोळा बदलायचा नाही. प्रत्येकाची नजर वेगळी, आणि साठ वर्षांच्या वह्या एकमेकींशी जुळायला हव्यात. येलिझारच्या आधीचा म्हातारा सफ्रोन थकला, तेव्हा दोघांना दोन उन्हाळे शेजारी शेजारी उभं केलं होतं. दोघांनी वेगवेगळे आकडे सांगायचे, राइसा ल्वोव्नाच्या गुरुजींनी ते ताडून बघायचे, आणि मग कुठे कठडा येलिझारच्या हवाली झाला.

"जावई निवडतानाही कुणी इतकं बघत नाही," असं दुलमा म्हणायची.

दुलमा आमची स्वयंपाकीण. इथल्या बुर्यात जमातीची, पन्नाशीची, अंगानं आडवी. तिच्या हातच्या मटण भरलेल्या, मोदकासारख्या पोझी खायला मिळाव्यात म्हणून कप्तानही तिची बोलणी ऐकून घ्यायचा. मोसमातला पहिला चहा ती कपात ओतायच्या आधी सरोवरात शिंपडायची. "त्याचं त्याला आधी. मग तुम्ही भुकेले."

आता गोष्ट त्या वर्षीची. लागोपाठ तिसऱ्या उन्हाळ्यात आकडे घसरत होते. जूनमध्ये जिथे चोवीस-पंचवीस यायचे तिथे एकवीस आले, मग एकोणीस, आणि त्या वर्षी सतरा. गावात भांडणं लागली. कोळी म्हणायचे, पाहुण्यांची घरं बांधणाऱ्यांनी घाण सोडली. ते घरं बांधणारे म्हणायचे, तुमच्याच बोटींचं तेल. राइसा ल्वोव्ना विद्यार्थिनी म्हणून या बोटीवर आली होती, आता तिचे केस पांढरे झाले होते. तिनं तीन वर्षं खपून यावर मोठा अहवाल लिहिला. सरोवर गढूळ होतंय, असं ती महिनाअखेर शहरातल्या सभेत सांगणार होती.

आणि मग दुलमाचं झाकण पडलं.

तबकडीचं काम उरकून आम्ही डेकवरच जेवायला बसलो होतो. दुलमा मोठ्या पातेल्यावरचं पांढरं एनॅमलचं झाकण कठड्याशी धुवत होती, ते हातातून सुटलं.

"गेलं! गेलं माझं झाकण! आईनं दिलेलं!"

येलिझार आणि मी धावलो. झाकण इकडून तिकडे डुलत, झोके घेत खाली चाललं होतं.

"पकडा की! सत्तावीस वर्षं नुसतं वाकून बघताय, आज हात घाला!"

"सूप झाकायला तुझा रुमाल घे," येलिझार हसला. मग थोड्या वेळानं म्हणाला, "संपलं. दिसेनासं झालं."

"कुठे दिसेनासं? हे काय, दिसतंय! बघा, वळलं. चमकलं बघा!"

"अगं, गेलं कधीच."

"डोळे आहेत का बटणं? ते बघा! अजून... अजून आहे... आत्ता. आत्ता गेलं."

त्या दोघांच्या 'गेलं'च्या मधे मी वीसपर्यंत मोजलं असतं. खलाशी हसले, दुलमानं नाक पुसलं आणि वाढायला गेली. येलिझार कठड्यावरून उठला नाही. त्याच्या सूपावर साय धरली तरी तो तसाच वाकलेला. मी त्याचे हात बघत होतो. ओल्या दोरावरून त्याचा अंगठा एकेक गाठ चाचपत चालला होता.

रंगभूमीवर ही खूण मी ओळखायला शिकलो होतो. आमच्या मंडळीत एक थोर नट होता. त्याला दिव्यांच्या झोतात काही दिसेना, तेव्हा तो पायऱ्या मोजून प्रवेश करायचा. प्रेक्षकांना कधी कळलं नाही, आम्हाला विंगेतून कळायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्या अंगणात गेलो. तो लाकडं फोडत होता.

"कधीपासून?" मी विचारलं.

"काय कधीपासून?"

"येलिझार, मी नट आहे. माझ्यापुढे नाटक करू नकोस."

त्यानं कुऱ्हाड ओंडक्यात रोवली. "तुला ठाऊक असायला हवं. तक्ता तूच पाठ करून घेतलास."

खरं होतं. दरवर्षी वसंतात बोटीवरच्या सगळ्यांची वैद्यकीय तपासणी होते. डोळ्यांसाठी भिंतीवर अक्षरांचा तक्ता असतो, देशभर तोच. दोन वर्षांपूर्वी येलिझार माझ्याकडे आला होता, म्हणाला, चष्म्यासाठी शहरात खेटे कोण घालणार, खालच्या ओळी तेवढ्या पाठ करून दे. मला गंमत वाटली. मी चमचा हातात घेऊन डॉक्टरीण झालो, तो विद्यार्थी झाला. "चौथं अक्षर! उलट्या क्रमानं! अडखळायचं नाही, थोडं डोळे बारीक करायचे, म्हणजे खरं वाटतं!" मी त्याला अभिनयसुद्धा शिकवला होता.

"मोतीबिंदू आहे," तो म्हणाला. "दोन्ही डोळ्यांत. शहरात गुपचूप दाखवून आलो. डॉक्टर म्हणाला, काढून आत नवी भिंगं बसवतो, अर्ध्या तासाचं काम."

"मग बसव की!"

"अरे, डोळा बदलायचा नाही ना!" तो एकदम चिडला. "नवी भिंगं घातली म्हणजे तो माझा डोळा राहिला का? सफ्रोनशी जुळवून दिलेला डोळा आहे हा. मला वाटलं, थोडं धुरकट आहे, पण आहे तोच. तोच टिकवावा."

"आणि आकडे?"

"दिसलं तेवढंच सांगितलं. अर्धा मीटरसुद्धा वाढवला नाही." तो ओंडक्यावर बसला. "कालपर्यंत मला खरंच वाटत होतं, पाणीच बिघडलंय. रोज काठावर जाऊन त्याच्यासाठी वाईट वाटून घेत होतो. आणि पाण्याला काही झालेलंच नाही. झालंय ते मला."

मी दुसऱ्या ओंडक्यावर बसलो.

"सांगितलं तर राइसा ल्वोव्नाची तीन वर्षं गेली," तो म्हणाला. "आणि माझा कठडा गेला. मग मी काय करू? उस्तिन्या गेल्यापासून घरात बायकोही नाही. स्टोव्हशी बोलत बसू?"

मी त्याला सल्ला दिला नाही. वाक्यं आठवेनाशी झाल्यावर मी स्वतः दोन वर्षं, पडद्याआडून ती सांगणाऱ्या बाईच्या कुजबुजीवर नाटकं रेटली होती. एके दिवशी भर प्रयोगात तिला मोठ्यानं "काय म्हणालीस?" विचारलं, आणि त्यानंतर थांबलो. हे मी त्याला सांगितलं. तो हसला, आणि मला लाकडं रचायला लावली.

पुढची फेरी सभेच्या दोन दिवस आधी होती. स्वच्छ ऊन, पाणी सपाट. राइसा ल्वोव्ना केबिनमध्ये वही उघडून बसलेली. येलिझारनं तबकडी सोडली.

"गेली," तो म्हणाला. मग "आली." मग मला, "सतरा."

मी छाती भरून घेतली.

"थांब. ओरडू नकोस." त्यानं मान वळवली. "दुलमा! बाहेर ये."

"माझे हात पिठात आहेत!"

"पिठासकट ये."

ती कुरकुरत आली. "आता काय पडलं?"

"इथं वाक. तबकडी बघ. दिसेनाशी झाली की सांग."

"माझी थट्टा करताय का, प्रोकोपिच? झाकणावरून?"

"थट्टा नाही. बघ."

ती वाकली. त्यानं दोर सोडायला सुरुवात केली. अठरा. वीस. दुलमा गप्प. मी तिला इतका वेळ गप्प कधी पाहिलं नव्हतं. बावीस. येलिझारचा अंगठा गाठींवरून सरकत होता आणि त्याची नजर पाण्याकडे नव्हतीच, तिच्या तोंडाकडे होती.

"गेली," ती म्हणाली.

मग त्यानं हळूच वर घेतली.

"ही आली."

त्यानं गाठ चाचपली. एकदा, पुन्हा एकदा. "कलाकार, आता ओरड. दोन्ही आकडे ओरड."

"सतरा!" मी ओरडलो. "चोवीस!"

केबिनचं दार उघडलं. राइसा ल्वोव्ना पेन हातात घेऊनच बाहेर आली. "हे काय? कोणता लिहू?"

"दुलमाचा," येलिझार म्हणाला. "आणि माझे तीन उन्हाळे खोडा. मला मोतीबिंदू आहे. तपासणीत तक्ता पाठ म्हणून दाखवला."

"पाठ मी करून घेतला," मी पुढे झालो.

"तुम्हाला तर मी पाण्यात ढकलायला हवं," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. मग दोराच्या वेटोळ्यावर बसली. "तीन वर्षं, प्रोकोपिच. परवा मी दोनशे लोकांसमोर उभी राहणार होते."

"म्हणूनच आज सांगितलं."

"पहिल्या वर्षी का नाही सांगितलंत?"

"पहिल्या वर्षी मला पाणीच गढूळ वाटत होतं. बाकी डॉक्टरनं सांगितलं ते दडवलं, तो माझा गुन्हा. डोळा बदलला तर वही तुटेल असं वाटलं. आणि कठडाही सोडवेना. दोन्ही कारणं लिहा."

दुलमा म्हणाली, "चोवीस म्हणजे चांगलं ना? म्हणजे पाणी बरं आहे ना?"

राइसा ल्वोव्नानं तिच्याकडे पाहिलं. "एका आकड्यानं ठरत नाही. पण हो. बरं असावं."

"मग एवढं तोंड पाडून का बसलात सगळे? मेलं-बिलं का कुणी?" असं म्हणून ती भटारखान्यात गेली आणि तिथे मोठ्यानं भांडी आपटू लागली.

राइसा ल्वोव्ना सभेला गेली नाही. महिनाभर येलिझारशी बोललीही नाही. माणसाची तीन वर्षं वाया जातात तेव्हा तो रागावतोच, आणि येलिझारनं तो राग निमूट सोसला. मग एके दिवशी ती त्याच्या अंगणात आली, वह्या घेऊन. कुठल्या फेरीपासून धूसर दिसायला लागलं, ते तिला हवं होतं. त्याला एकेक फेरी आठवत होती, वारा कुठला होता त्यासकट. संध्याकाळपर्यंत दोघं बसले. निघताना ती म्हणाली, "सोमवारी माझ्याबरोबर शहरात यायचं. दवाखान्यात नाव नोंदवलंय. नाही म्हणायचं नाही." आणि मला म्हणाली, "तुम्हीही या. त्यांना तिथे काही पाठ करायची गरज नाही, हे सांगायला."

कठडा दुलमाला मिळाला. सफ्रोन आणि येलिझारसारखं शेजारी उभं करून जुळवायचं कुणाशी, हा प्रश्न उरलाच. वहीत त्या जागी एक रेघ आली, आणि रेघेखाली राइसा ल्वोव्नानं लिहिलं, 'इथून डोळा नवा.'

पुढच्या जूनमध्ये, बर्फ वाहून गेल्यावरच्या पहिल्या फेरीला, येलिझार पाहुणा म्हणून बोटीवर आला. डोळ्यांत नवी भिंगं घेऊन, इस्त्रीचा शर्ट घालून. दुलमानं चहा पाण्यात शिंपडला, हात पुसले आणि तबकडी सोडली. तो दोन पावलं मागे, हात पाठीशी बांधून.

"पंचवीस!" मी ओरडलो.

राइसा ल्वोव्ना लिहून बाहेर आली. "प्रोकोपिच, बघायचं तर बघा ना. वहीत नाही लिहिणार."

"नको. दुलमाचा कठडा आहे."

"आता लाजताय कसले नव्या नवरीसारखे?" दुलमानं त्याचा दंड धरून त्याला ओढलं आणि आपली जागा दिली.

तो कठड्यावर पोट टेकून वाकला, आपल्याकडे पाठ करून, पूर्वीसारखाच. तबकडी वर आली होती, दोर गुंडाळून झाला होता, कप्तान इंजिन सुरू करायला थांबला होता. येलिझार बघतच राहिला. बराच वेळ. आम्ही कुणी घाई केली नाही. मग त्यानं मान न वळवता म्हटलं, "नाही गं दुलमा, तुझं झाकण काही दिसत नाही."