पाहिलं म्हणणारे चव्वेचाळीस जण

पाटी रंगवून झाली तरी पेंटर काका लगेच घरी जात नसत. रस्त्याच्या पलीकडे चहाच्या टपरीला टेकून उभे राहायचे आणि पाटीकडे मान वर करून कोण कोण बघतं ते न्याहाळायचे. केजच्या बाजारपेठेतल्या निम्म्या दुकानांची नावं त्यांच्या हातची होती. कपाळावर भस्म, खिशात तीन ब्रश, बोटांना कायम टर्पेंटाइनचा वास. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "वाचणारा येगळा आन् दुकानात शिरणारा येगळा. आपण शिरणाराला बघायचं." शिरणारे कमी वाटले, तर मालकानं बोलावलेलं नसतानाही दुसऱ्या दिवशी शिडी घेऊन हजर.

काकूंना वाचता येत नसे, तरी प्रत्येक पाटी आधी त्यांना दाखवली जायची. "अक्षर हसतंय का गं?" असं काका विचारायचे. काकू बराच वेळ बघून "हसतंय की" म्हणाल्या, की मगच ब्रश धुतले जात. दोघांना मूलबाळ नव्हतं.

पुढे फ्लेक्स आले, घरोघरी मोबाइल आले. काकांचं काम आटलं आणि त्याच सुमारास काकू विसरू लागल्या. आधी भाजीत मीठ, मग शेजारणीचं नाव, मग स्वतःची गल्ली. काका त्यांना घरी एकटं ठेवत नसत. मिळेल त्या कामावर सोबत नेत, सावलीत बसवत आणि शिडीवरून सारखं खाली बघत. एका दुपारी शेवटचं अक्षर भरताना त्यांनी थोडा वेळ खाली बघितलं नाही. तेवढ्यात काकू उठून गेल्या.

बसस्टँडजवळ माझं इंटरनेटचं दुकान होतं. क्लासवाल्यांच्या, सोनारांच्या जाहिराती मी इंटरनेटवर टाकून द्यायचो. पोलिसांत तक्रार झाली होती. दोन दिवस आसपासची गावं पायी पालथी घालून काका माझ्याकडे आले. हातात लग्नातला फोटो.

"उद्या नांदूरघाटच्या अंगाला जाणार हाय," ते म्हणाले. "तवर तुझ्या त्या जाहिरातीत बघ काय जमतंय का."

मी इंटरनेटवर एक पान तयार केलं आणि आसपासच्या जिल्ह्यांत त्याची जाहिरात लावली. काकूंचा फोटो, माझा फोन नंबर आणि खाली मोठं बटण: 'होय, मी यांना पाहिलं'. किती जणांनी बटण दाबलं आणि कोणत्या गावातून, हे कळायला हवं होतं. त्यासाठी एक नवं साधन आलं होतं. त्याला पान दाखवलं की काय मोजायचं हे ते स्वतःच ठरवायचं आणि मोजणी आपोआप जोडून द्यायचं. मी एकदाच क्लिक केलं. हिरवी खूण आली. मी तपासलं नाही.

सकाळी काका निघण्याआधी दुकानात डोकावले. पडद्यावर 'कन्व्हर्जन'च्या, म्हणजे बटण दाबणाऱ्यांच्या रकान्यात आकडा होता: चव्वेचाळीस. त्यातले एकतीस लातूरचे.

"म्हंजी एवढ्यांनी पाहिलं तिला?"

"बटण दाबलंय काका."

"मंग फोन का न्हाई केला कुणी?"

"लोक आपला नंबर कळू द्यायला घाबरतात," मी म्हणालो. मला ते खरंच वाटत होतं.

काका नांदूरघाटला गेले नाहीत. लातूरच्या एसटीत बसले. तिथून त्यांचे फोन यायचे, "आज किती?" मी आकडा सांगायचो. परभणीचा आकडा वाढला तेव्हा ते परभणीला गेले. स्टँडवर झोपत होते, मिळेल त्या पुठ्ठ्यावर काकूंचा चेहरा रंगवून भिंतीला लावत होते. फोनवर आवाज उत्साहाचा असे. इतक्या लोकांनी पाहिलीय म्हणजे ती कुठंतरी हिंडती-फिरती आहे, असं ते मला समजावून सांगत.

अठराव्या दिवशी मी सहज माझ्या मोबाइलवर ते पान उघडलं. बटणाला हात लावला नाही. संगणकावरचा आकडा एकानं वाढला. पुन्हा उघडलं. पुन्हा वाढला. ते साधन बटण मोजतच नव्हतं. पान उघडणारा प्रत्येक जण त्यानं 'पाहिलं' म्हणून धरला होता. लातुरात जाहिरात जास्त दिसली, म्हणून लातूरचा आकडा मोठा. बस, एवढंच.

काका परत आल्यावर मी सांगितलं. त्यांना दोनदा सांगावं लागलं.

"म्हंजी कुणीच न्हाई पाहिलं?"

"लोकांनी नुसतं पान उघडलं होतं, काका."

त्यांनी टेबलावरचा फोटो उचलला, शर्टाला पुसला आणि खिशात ठेवला. "मंग नांदूरघाटाकडं जातो," म्हणाले आणि चालू लागले. मी दुकान उघडं टाकून त्यांच्या मागे गेलो.

नांदूरघाटच्या पुढे, आमच्या पोलीस ठाण्याची हद्द संपते तिथल्या एका वस्तीवर फोटो पाहून एका बाईनं तोंडाला पदर लावला. काकू तिच्या गोठ्याच्या सावलीत नऊ दिवस होत्या. नाव सांगता येईना, गाव सांगता येईना. "सारखं एकच म्हनायच्या," बाई सांगू लागली, "ते पाटी लिवायला गेलेत, आले की नेतील मला. मंग ताप आला. लई केलं आमी, पन न्हाई ऱ्हायल्या." गळ्यातलं इष्टलिंग पाहून वस्तीवरच्यांनी त्यांना लिंगायतांच्या रीतीनं बसवून माती दिली होती.

काका त्या मातीपाशी संध्याकाळपर्यंत बसले. त्यांनी मला दोष द्यावा, चार शिव्या घालाव्यात म्हणून मी वाट पाहत होतो. तेव्हाही, नंतरही.

महिन्याभरात ते कडा गावी, बहिणीकडे कायमचे निघाले. मी स्टँडवर गेलो. त्यांनी ब्रश आणलेच नव्हते. खिडकीतून हात बाहेर काढून त्यांनी माझं मनगट धरलं.

"ती बाई म्हनली, रोज भाकर खायची. दुधात कुस्करून. तू बी ऐकलंस ना?"

"ऐकलं, काका."

"उपाशी न्हाई गेली मंग."

"नाही."

कंडक्टरनं घंटी मारली. त्यांनी मनगट सोडलं नाही. गाडी हलली तसा मी तिच्याबरोबर चालत राहिलो, चार पावलं, सहा पावलं, आणि मग हात सुटला.