लेकीच्या लग्नातला मेकअप

खामगावात माझं पार्लर आहे आणि नांदुऱ्यात माझ्या मैत्रिणीचं. ब्युटीपार्लरचा कोर्स आम्ही दोघींनी एकाच बाकावर बसून केला. तेव्हा हात माझा चांगला होता. हे मी म्हणत नाही, आमच्या बाई म्हणायच्या. तिच्या हातून भुवया कायम एक वर, एक खाली व्हायच्या, आणि बाईंनी काही विचारलं की ही ओढणीचं टोक चावत उभी. आज ती जिल्ह्याच्या ब्युटीशियन संघटनेच्या मंचावर हातात माईक घेऊन तास-तासभर बोलते. मला ते बघवत नाही, स्पष्टच सांगते.

संघटना निघाली तेव्हा सभासद दोघीही झालो. मी वर्गणी भरली आणि मोकळी झाले. तिनं मात्र कामं अंगावर घेतली. सेमिनार असला की ही सकाळच्या गाडीनं हजर. खुर्च्या मांडायच्या, आलेल्या बायकांची नावं लिहून घ्यायची, चहा कमी पडला की पळायचं, पुण्या-नागपूरहून आलेल्या मेकअपवालीला स्टेशनवरून घेऊन यायचं. सगळं फुकट. मी तिला चिडवायची, "लष्कराच्या भाकऱ्या भाजाची भलतीच हौस आहे व तुले!"

"मजा येते व," ती म्हणायची. "तू पण येत जाय ना."

मी कशाला जाऊ? दुकान बंद ठेवून दुसऱ्यांच्या खुर्च्या मांडायला?

मग हळूहळू माझ्या पोटात दुखायला लागलं. सेमिनारमध्ये पाहुण्या बाईजवळ ब्रशचा ट्रे धरून उभी राहायची ती हीच. बाकीच्या बायका मागच्या रांगेतून माना उंच करून बघायच्या आणि हिला सगळं हातभर अंतरावरून दिसायचं. नावं पुकारता पुकारता माईकची भीती गेली. जिल्ह्यातली एकूण एक पार्लरवाली हिला ओळखायला लागली. कुणाकडे एकाच मुहूर्ताच्या दोन नवऱ्या आल्या की दुसरीचं काम हिच्याकडे. मेहकरचं काम आलं, चिखलीचं आलं, अकोल्याचंसुद्धा आलं. पुढे तर मुलींच्या प्रशिक्षण वर्गात शिकवायला बोलावणं आलं. माझ्याच गल्लीतली एक नवरी माझ्या दुकानावरून नांदुऱ्याला तयार व्हायला गेली, तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला. घरी धुसफुस केली तर नवरा म्हणाला, "मंग तूही जात जाय ना तिथं." त्या दिवशी त्याच्या ताटात मी करपलेलीच भाजी वाढली.

तेही मी गिळलं असतं. पण लेकीचं लग्न ठरलं. मुलगा डोणगावचा, लग्न आमच्या गावात, ऐन उन्हाळ्यात. लग्नातलं बाकी सगळं कुणीही करो, लेकीला नवरी मी करणार, हे मी ती लहान असल्यापासून ठरवून ठेवलं होतं. दुसऱ्यांच्या मुलींच्या कपाळावर चंद्रकोर रेखताना मला तिचंच कपाळ दिसायचं. शालू घ्यायच्या आधी मी तिच्या मेकअपचं सामान आणून ठेवलं होतं.

एक दिवस लेक माझ्याजवळ येऊन बसली. "आई, रागावू नको. मेकअप मावशीकडून करू का?"

मावशी म्हणजे तीच.

"काऊन? मी काय मेली का?"

"तसं नाही व. ऊन केवढं राह्यते तवा. मावशीचा मेकअप टिकते."

टिकते. म्हणजे माझा टिकत नाही. पोटच्या पोरीनं तोंडावर सांगितलं, आणि ते खरं होतं म्हणून जास्तच झोंबलं. मी आणलेलं सामान कपाटात खाली ढकलून दिलं आणि नांदुऱ्याला फोन लेकीलाच करायला लावला.

लग्नाच्या दिवशी नांदुऱ्याहून ती आली आणि सोबत संघटनेतल्या दोघी घेऊन आली, एक मलकापूरची, एक चिखलीची. वऱ्हाडातल्या बायकांचे केस करायला. पैशाचं त्यांनी नाव काढू दिलं नाही. मी बोलावलं असतं तर यातली एक तरी आली असती का, असं मनात आलं आणि मी उठून त्यांना पाणी द्यायला गेले. लेकीला खोलीत बसवल्यावर मैत्रिणीनं मला हाक मारली, "ये ना, बस जवळ." मी म्हटलं, मले कामं आहेत. कामं काही नव्हती. मी बाहेर अक्षतांच्या थाळ्या उगाच इकडच्या तिकडे करत राहिले.

लेक तयार होऊन बाहेर आली. मी आधी तिच्या भुवया बघितल्या. दोन्ही सारख्या. मग चूक शोधत सगळ्या चेहऱ्यावरून नजर फिरवली. सापडली नाही. सगळे म्हणाले, किती गोड दिसते! मीही म्हटलं. गोड दिसतच होती.

कार्यालयातले कूलर नुसता आवाज करत होते. लग्न लागलं, होमाचा धूर झाला, जेवणं झाली. पाठवणीला लेक माझ्या गळ्यात पडून हमसाहमशी रडली, मीही रडले. बाजूला होऊन बघते तर माझ्या तोंडाचा रंग तिच्या शालूच्या खांद्यावर उतरलेला, आणि तिचे गाल सकाळी होते तसेच.

गाडी वळणाआड गेली. मैत्रीण खोलीत ब्रश पुसून बॅगेत भरत होती. मला राहवलं नाही.

"काय लावलं व तू तिले?"

मला वाटलं, हसेल, टाळेल. मी असते तर टाळलंच असतं.

"काही नाही व," ती सहज म्हणाली. "आपण बेस लावतो अन् मंग पावडर. ते उलटं कराचं. आधी पावडर, वरून फिक्सरचा फवारा, ते वाळू द्याचं, अन् मंग बेस. घामानं उतरत नाही. एका सेमिनारात शिकवलं होतं. आता तं साऱ्या जिल्ह्याले माहीत आहे." आणि बॅगेची चेन लावता लावता म्हणाली, "तू कधी विचारलंच नाही."

एवढंच होतं. कधीही विचारलं असतं तरी तिनं सांगून टाकलं असतं, आणि आज त्या खोलीत माझ्या लेकीसमोर ब्रश घेऊन मी बसले असते. हे कळलं आणि मला तिचा आणखीच राग आला.